गिट लॉग की गिट शॉर्टलॉग? महिन्याचा अहवाल काढताना

महिनाअखेरीस कोणी काय काम केलं याचा अहवाल गिटमधून, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातून, काढायचा म्हटलं की दोन कमांड समोर येतात, लॉग आणि शॉर्टलॉग. दोन्ही मी पुरेशा वापरल्या आहेत. सांगलीत विश्रामबागेत आमचं पाच जणांचं ऑफिस आहे आणि मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. त्यातल्या एका हळदीच्या पेढीचे मालक दर महिन्याला कामाचा तपशील मागतात. त्यांना मी सांगितलं, लॉग म्हणजे कीर्द आणि शॉर्टलॉग म्हणजे खतावणी. एकीत घडेल तशी नोंद, दुसरीत नावानिशी खातं. त्यांना ते लगेच कळलं.

आता खतावणी कोणाला नको असते? शॉर्टलॉगला ‘एस’ आणि ‘एन’ हे दोन पर्याय जोडले की कोणाचे किती कमिट (नोंदवलेले बदल) ते उतरत्या क्रमाने हजर. एकच माणूस घरच्या लॅपटॉपवर एका नावाने आणि ऑफिसात दुसऱ्या नावाने कमिट करत असेल, तर मेलमॅप फाइलमध्ये एकदा लिहून ठेवायचं, दोन्ही खाती एक होतात. २.२९ आवृत्तीपासून ‘ग्रुप’ हा पर्याय आला. कमिटसोबत लिहिलेल्या संदेशाच्या तळाशी ‘को-ऑथर्ड-बाय’ (सहलेखक) म्हणून ज्यांची नावं आहेत, त्यांच्या नावावरही काम धरता येतं. आमच्याकडे दोघं एका मशीनवर बसून पुष्कळ काम करतात, त्यामुळे ही सोय मला मनापासून आवडते.

तरी मी लॉगकडे वळलो, ते एका त्रासामुळे. महिन्याच्या १ तारखेला पहाटे अहवाल आपोआप तयार व्हावा म्हणून शॉर्टलॉगची ओळ मी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, घातली होती. सकाळी फाइल उघडली तर कोरी. तीच ओळ हाताने चालवली तर आकडे व्यवस्थित. पाथ तपासला, परवानग्या तपासल्या, काही सापडलं असं वाटून थोडं बदललं. पुढच्या महिन्यात पुन्हा कोरी फाइल, आणि ती तशीच पेढीवर गेली. एररची एक ओळही कुठे नव्हती. त्याच दोन महिन्यांत आम्ही शेतकऱ्याच्या पट्टीतला हमाली-तोलाईचा सगळा हिशेब नव्याने लिहिला होता. मालक काही बोलले नाहीत, पण मला ते फार लागलं.

कारण असं. कुठला इतिहास बघायचा हे शॉर्टलॉगला सांगितलं नाही आणि समोर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) नसेल, तर तो रिपॉझिटरीकडे, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे साठवलेला असतो तिकडे, वळतच नाही. कोणीतरी लॉगचा मजकूर हातात देईल असं धरून तो स्टँडर्ड इनपुट, म्हणजे बाहेरून कमांडला पुरवलेला मजकूर, वाचतो. क्रॉनमध्ये तिथे काहीच नसतं, म्हणून उत्तरही काही नाही. कोणी कीर्द दिली तर खतावणी लिहीन, असा त्याचा मूळ स्वभाव आहे. ओळीच्या शेवटी ‘हेड’ (आत्ता जिथे आहोत तो कमिट) एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो, आणि मॅन्युअलमध्ये हे नमूद आहे. म्हणजे दोष त्याचा म्हणता येणार नाही. पण लॉग अशा वेळी आपणहून चालू ब्रांच (कामाची शाखा) धरतो आणि रात्री चालवा, दिवसा चालवा, तेच देतो. ज्या कामावर कोणी नजर ठेवून बसलेलं नाही, तिथे मला तेच हवं असतं.

तारखेची एक मेख मात्र दोघांतही आहे. ‘सिन्स’ला, म्हणजे ‘या तारखेपासूनचं दाखव’ या पर्यायाला, नुसती तारीख दिली तर गिट तिला चालू घड्याळातली वेळ जोडतो. संध्याकाळी ६ वाजता अहवाल काढलात तर पहिल्या तारखेचं संध्याकाळी ६ पर्यंतचं काम गळून पडेल. तारखेपुढे ००:०० लिहाच. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर ते ००:०० म्हणजे आपले पहाटेचे ५:३०. शिवाय रीबेस करत असाल, म्हणजे जुने कमिट नव्या पायावर पुन्हा लिहीत असाल, तर दोन तारखा वेगळ्या पडतात: ‘सिन्स’ची चाळणी कमिटरच्या तारखेवर (कमिट शेवटचा लिहिला तेव्हाच्या) चालते, पण लॉगमध्ये दिसते ती लेखकाची (मूळ बदल केला तेव्हाची) तारीख. म्हणून मी दोन्ही तारखा छापतो.

रिफ्लॉगचं, म्हणजे ब्रांच आणि हेड कुठून कुठे सरकले याच्या गिटच्या नोंदवहीचं, नाव कोणी सुचवेल. तो फक्त आपल्या मशीनपुरता असतो आणि जुन्या नोंदी साधारण ९० दिवसांनी पुसल्या जातात. चुकून हरवलेला कमिट शोधायला उत्तम, अहवालाला नाही.

तुमचं काम एका आवृत्तीपासून दुसऱ्या आवृत्तीपर्यंत काय बदललं हे जाहीर करण्याचं असेल, तर शॉर्टलॉगच घ्या. तो त्यासाठीच आहे, आणि दोन टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) दिलेले असल्यामुळे कोऱ्या फाइलची भीतीही उरत नाही. महिन्याच्या हिशेबाला मात्र, निदान माझ्या अनुभवात, लॉग बरा. मर्ज (दोन ब्रांच जोडणारे कमिट) वगळून, सगळ्या ब्रांच धरून, एका ओळीत तारीख, नाव आणि संदेश. नावासाठी फॉरमॅटमध्ये कॅपिटल ‘एन’ वापरला की मेलमॅप इथेही लागू होतो. आकडे हवेच असतील तर साधा लॉग पाइपने, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हातात देऊन, शॉर्टलॉगला द्यायचा. कीर्द आधी, खतावणी मागून.

पेढीवर आता ही कीर्दच जाते. मागच्या महिन्यात एका पट्टीत तोलाईचा फरक आला, तेव्हा मालकांनी आमच्या यादीतली तारीख आपल्या रोजमेळाशी ताडून तो बदल कोणत्या दिवशी झाला हे स्वतःच शोधलं आणि मग मला फोन केला.