डिव्हाइन टाइड्स: सगळं छान, पण ड्रमर कुठंय?

गणपती-नवरात्रीच्या ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं ड्रम्स वाजवले. त्यामुळे कुठलंही गाणं लावलं की माझा कान आधी हाय-हॅटकडे (ड्रम सेटमधल्या, पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीकडे) जातो, गायकाकडे नंतर. त्यात 'द पोलिस' या रॉक बँडचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंड, ज्याच्या 'डिव्हाइन टाइड्स' अल्बमबद्दल हे लिहितोय, त्याचा हाय-हॅट म्हणजे आमचं दैवत. स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) इतका ताणलेला की कानाला चटका बसावा, अंगात रेगेचा (जमैकन संगीताचा) ठेका, आणि जिथे आम्ही हमखास किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारणार तिथे हा बाबा गप्प! लहानपण कैरो आणि बैरुतमध्ये गेलं, तिथला अरबी ताल हातात मुरला. 'द पोलिस' 1980 मध्ये मुंबईत वाजवून गेले तेव्हा मी तिसरीत होतो, याची चुटपुट अजून आहे.

1984 च्या दौऱ्यानंतर बँड थंडावला, पुढे मोडला. गायकाचं बरं असतं, गळा बरोबरच असतो. ड्रमरने काय करायचं? कोपलंडने संगीत लिहायला घेतलं. दिग्दर्शक कोपोलाच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत त्याने बँड चालू असतानाच केलं होतं. मग 'वॉल स्ट्रीट' सिनेमा, ऑपेरा, आणि 1998 मध्ये 'स्पायरो' हा व्हिडिओ गेम. माझा भाचा तो गेम तासन् तास खेळायचा. त्याला मारे मी पोलिसच्या कॅसेट ऐकवत होतो, आणि मागे टीव्हीवर तोच माणूस वाजत होता, हे मला कळलं फार उशिरा.

तर 'डिव्हाइन टाइड्स'. बेंगळुरूचा संगीतकार रिकी केज याच्याबरोबर कोव्हिडच्या काळात केलेला, 2021 चा अल्बम. नऊ गाणी, विषय निसर्ग. 2022 मध्ये न्यू एज (शांत, ध्यानाला साजेसं संगीत) विभागात ग्रॅमी मिळालं. कोपलंडचं सहावं, आधीची पाच पोलिसबरोबरची.

ध्वनिमुद्रण निर्मळ आहे, वाद्यं एकमेकांच्या पायात येत नाहीत. 'हिमालयाज' रात्री दिवे मालवून ऐका, डोकं शांत होतं. पण मी काही शांत व्हायला कोपलंड लावत नाही! इथे तो पाहुण्यासारखा वाजवतो, सगळ्यांना वाट करून देत. चार वेळा ऐकलं, दर वेळी वाटलं की आता रिमशॉट (ड्रमच्या कडेवर आणि चामड्यावर एकदम बसणारा फटका) पडणार. माझी बायको म्हणाली, "अहो, कोणी मारत नाहीये म्हणूनच छान वाटतंय." तिचे पाच तारे, माझे साडेतीन.

मोबाईलच्या स्पीकरवर मात्र लावू नका, खालचे सूर गायब होतात. हेडफोन घ्या. याच अल्बमला 2023 मध्ये इमर्सिव्ह ऑडिओचं (चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनीचं) वेगळं ग्रॅमीही मिळालंय. तसला सेटअप कोणाकडे असेल तर सांगा, मी चहाला येतो.