ट्रॉलीचं सात पिनी सॉकेट पिकअपला कुठं लावावं : नऊ महिन्यांत तीन जागा बदलून

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस पिकअपला मागं हूक करून घेतला. माझा मंडप आणि लायटिंगचा धंदा. आधी जनरेटर चेन पुली लावून हौद्यात चढवायचो. तो चढला की हौदा संपला, मग पाइप, पडदे, हॅलोजनसाठी दुसरी फेरी. शेवटी 15 केव्हीएचा जनरेटर दोन चाकी ट्रॉलीवर बसवला आणि ओढायला सुरुवात केली. हूक, ट्रॉली, टायर यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, चाललंय. डोकं खाल्लं ते तळहाताएवढ्या वस्तूनं. ट्रॉलीच्या दिव्यांना गाडीतून करंट देणारं सात पिनी सॉकेट. नऊ महिन्यांत ते तीन ठिकाणी बसवलं.

पहिली जागा हूक करणाऱ्यानंच ठरवली. बंपरच्या खाली, हुकाच्या पट्टीलाच दोन भोकं पाडली आणि बसवून मोकळा झाला. मी विचारलं, इतकं खाली? तर म्हणाला, "सगळे इथंच लावतात." मलाही घाई होती, मूर्ती यायच्या होत्या. गणपतीचे दहा दिवस सोलापूर शहरातच फिरायचं असल्यामुळं काही जाणवलं नाही. होटगी रोड, सात रस्ता, नवी पेठ, सगळा डांबरी रस्ता.

दणका बसला सप्टेंबरच्या शेवटी. मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतात कार्यक्रम होता आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. तिकडची काळी जमीन ज्वारीला सोनं असेल, गाडीला शिक्षा आहे. चाकाला चिकटते, चाकावरून उडते आणि जिथं बसेल तिथं वाळून दगड होते. रात्री परत निघालो. बेगमपूरचा पूल ओलांडल्यावर मागून आलेल्या ट्रकवाल्यानं बरोबरीला येऊन हात बाहेर काढला आणि मागं काहीच दिसत नाही म्हणून दोन शिव्या घातल्या. त्याचं बरोबर होतं.

कामतीला पंपावर थांबलो. पोरगा मागं उभा, मी ब्रेकवर. तो ओरडला, "ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतोय, ब्रेकचा लाल दिवा लागतच नाही." डावा इंडिकेटर दिला तर टेल लॅम्प लुकलुकायचे. हे लक्षण ज्याला कळतं त्याला अर्थ, म्हणजे करंट परत नेणारी वायर, गेली आहे हे लगेच समजतं. मला तेव्हा कळलं नाही, मी फ्यूज तपासत बसलो. फ्यूज ठणठणीत. शेवटी चार्जिंगच्या दोन टॉर्चना हॅलोजनसाठी ठेवलेला लाल जिलेटिन कागद गुंडाळला, चिकटपट्टी मारली, ट्रॉलीच्या मागच्या पाइपाला बांधल्या आणि चाळीसच्या स्पीडनं सोलापूर गाठलं. मंडपवाल्याकडं दुसरं काही नसलं तरी जिलेटिन असतो.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या वायरिंगवाल्या अण्णांकडं गेलो. त्यांनी झाकण उचललं आणि हसले. आत काळ्या मातीचं मोदकाच्या साच्यातून काढावं तसं पीठ बसलं होतं. स्क्रू ड्रायव्हरनं ते अख्खं निघालं, आणि त्याच्या खालच्या अंगाला सात पिनांचे सात ठसे. अर्थच्या पिनेवर हिरवा गंज चढलेला. "मालक, चाकाच्या मागं तोंड उघडं ठेवलं तर चाक घास भरवणारच की," अण्णा म्हणाले.

अर्थचं त्यांनी जे समजावलं ते इथं नीट लिहितो, कारण जागेचा सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आपल्या 12 व्होल्टच्या सात पिनी जुळणीत 1 नंबरला डावा इंडिकेटर, 4 ला उजवा, 5 आणि 7 ला उजवा-डावा टेल, 6 ला ब्रेक, 2 ला मागचा फॉग आणि 3 ला अर्थ. ट्रॉलीच्या सगळ्या दिव्यांचा करंट परत यायला ही एकच वाट. ब्रेकचे 21 वॅटचे दोन, टेलचे 5 वॅटचे दोन आणि एक 21 वॅटचा इंडिकेटर असे मिळून 73 वॅट, म्हणजे 6 अँपिअरच्या आसपास. हे सगळं त्या एका पांढऱ्या वायरीतून आणि एका पिनेतून जातं. तिथं माती किंवा गंज बसला की करंट दुसरी वाट शोधतो. ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा फिरतो, थोडा हुकाच्या लोखंडातून गाडीच्या चासीत जातो. हुकाच्या पिनेला आपण ग्रीस भरलेलं, त्यामुळं तिथला संपर्क कधी होतो, कधी नाही. म्हणूनच त्या रात्री खड्ड्यात गाडी आदळली की दिवे दोन सेकंद नीट लागायचे आणि सपाट रस्त्यावर मंद व्हायचे. मला वाटत होतं बल्ब ढिले आहेत.

अण्णांनी साफ करून दिलं, व्हॅसलिन लावलं. दोन महिन्यांत तीनदा साफ केलं. दिवाळी झाली आणि मी जागा बदलायला लावली.

दुसरी जागा माझ्या डोक्यातली, त्यामुळं दोष कोणाला देता येत नाही. चिखल खालून येतो ना, मग वर घ्या. बंपरच्या वर, उजव्या टेल लॅम्पच्या शेजारी. दिसायला छान, वाकावं लागत नाही, हात सरळ पोचतो. पहिल्या ऑर्डरला पोरांनी सवयीप्रमाणं हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या दोन्ही कड्या सोडल्या आणि फाळका खाली टाकला. तो थेट सॉकेटवर. झाकणाचा कान तुटला, आतलं प्लास्टिक तडकलं. बसवून पंधरा दिवस झाले नव्हते. फाळका उघडून पाहिल्याशिवाय तिथं भोक पाडायला निघालेला माणूस मी. तुमची गाडी हौद्याची असेल तर आधी फाळका पूर्ण खाली लोंबकळू द्या, तो कुठपर्यंत येतो तिथं खडूनं रेघ मारा आणि मगच ड्रिल हातात घ्या.

आमच्या ओळखीचा एक ट्रेलरवाला तेव्हा म्हणाला, आमच्यासारखं कॅबिनच्या मागं लाव, कटकट मिटेल. त्यांचं वेगळं आहे. त्यांच्या ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्याच पाठीवर टेकलेला असतो, त्यामुळं सॉकेट कॅबिनच्या मागं उंचावर, हवेच्या लाल-पिवळ्या पाइपांच्या शेजारी, आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर वळणावर लांबते, पुन्हा आवळते. अमेरिकेत मोठ्या पिकअपच्या हौद्यातच हूक बसवून ट्रेलर ओढतात, तेव्हा हौद्याच्या आतल्या भिंतीलाही सॉकेट देतात. वजन जिथं टेकतं त्याच्या जवळ सॉकेट, हा हिशोब. माझा हूक बंपरखाली आहे, मग हौद्यातून वायर काढून फाळक्याच्या फटीत चेपायची कशाला? आणखी एक, त्या ट्रेलरवाल्यानं जुना प्लग फुकट देऊ केला होता. घेतला नाही. त्यांची लाइन 24 व्होल्टची, दिसायला तशीच सात पिनी, पण अर्थ 1 नंबरला. बाकीही क्रम वेगळा.

तिसरी जागा डिसेंबरपासून आजपर्यंत टिकली आहे. बंपरच्या मागं चासीच्या आडव्या पट्टीला एल आकाराचा तुकडा वेल्ड करून घेतला. त्यावर सॉकेट, हुकाच्या मध्यापासून डावीकडं वीतभर, जमिनीपासून गुडघ्याच्या जरा वर. बंपरच्या पत्र्यात गोल कापून तोंड बाहेर काढलं, पण दोन बोटं आतच ठेवलं, म्हणजे रिव्हर्स घेताना भिंतीला टेकला तर बंपर टेकेल. तोंड किंचित खाली झुकतं, झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला. सायलेन्सरचं तोंड लांब आहे ना, हे गाडी अर्धा तास चालवून हात लावून पाहिलं.

डावीकडं का, हे मला गड्ड्याच्या वेळी कळलं. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानाच्या बाजूला रात्री दोन-दोनदा ट्रॉली जोडायची-सोडायची होती. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावलेली. सॉकेट उजवीकडं असतं तर पोरगा पाठ रस्त्याकडं करून, अंधारात, पळत्या गाड्यांच्या बाजूला वाकला असता. अण्णांनी डावीकडं घेतलं ते त्यांच्या वायरिंगच्या सोयीसाठी. मी मात्र आता कोणी विचारलं तर हेच आधी सांगतो. तोटाही सांगायला हवा. गल्लीत गाडी भिंतीला चिकटवून लावली की डावीकडून शिरायला जागा राहत नाही, पोट आत घेऊन जावं लागतं.

वायरीची लांबी ठरवताना रिकाम्या मैदानात गाडी पूर्ण डावीकडं आणि मग पूर्ण उजवीकडं वळवली, ट्रॉली जवळजवळ काटकोनात येईपर्यंत. सॉकेट डावीकडं असल्यानं उजव्या वळणाला वायर जास्त ताणते. तिथं चार बोटं ढील राहील एवढी लांबी ठेवली, आणि सेफ्टीच्या साखळ्यांपेक्षा वायर ताणायला उशीर लागेल हे पाहिलं. सरळ चालताना ती ढील रस्त्याला घासू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी करून मधोमध वर टांगली. हे काम दहा रुपयांचं, पण आधीच्या वायरीचं आवरण घासून तांबं दिसायला लागलं होतं ते याच्या अभावी.

बसवताना अण्णांनी दोन गोष्टी स्वतःहून केल्या. चासीवरचा रंग घासून पांढरं लोखंड काढलं आणि तिथं 2.5 स्क्वेअर एमएमची जाड अर्थ वायर बोल्टनं आवळली. आधी पातळ वायर होती. पाच-सहा मीटर पातळ वायरीत अर्धा-पाऊण व्होल्ट असाच खर्ची पडतो आणि बल्ब पिवळट दिसतो. दुसरं म्हणजे टेल लॅम्पच्या मूळ वायरीला चिमट्यानं टोचून जोडलेले जॉइंट काढून टाकले. बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी लाइन आणली आणि रिले लावले. मूळ दिव्यांची वायर आता फक्त रिलेला इशारा देते, ट्रॉलीचा भार ओढत नाही. ट्रॉलीचे बल्बही एलईडी करून घेतले. गाडीचे बल्ब जुनेच असल्यामुळं इंडिकेटर भराभर लुकलुकत नाही.

तक्रारी उरल्या आहेत. झाकणाची स्प्रिंग पाच महिन्यांत गंजली, आता झाकण पूर्ण मिटत नाही. वॉशिंगवाला प्रेशरचं पाणी नेमकं तिथंच मारतो, त्याला दर वेळी सांगावं लागतं. फेब्रुवारीत शिवजयंतीच्या आधी गोडाऊनमध्ये घुशीनं ट्रॉलीकडची वायर कुरतडली, त्यात सॉकेटच्या जागेचा काही संबंध नाही, पण त्या निमित्तानं एक सुधारणा झाली. ट्रॉली सोडली की तिचा प्लग जमिनीवर पडायचा आणि पुन्हा माती खायचा. आता ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावरच एक रिकामं सॉकेट तोंड खाली करून बसवलंय, करंट नसलेलं. सुटलेला प्लग त्यात खोचायचा. फाळक्यानं फुटलेलं दुसऱ्या जागेचं सॉकेट होतं ना, तेच. कान तुटलाय, पण प्लग धरून ठेवायला पुरतं.

तुळजापूरचा घाट या सीझनमध्ये सहा वेळा झाला, दोनदा रात्री. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत सगळी रात्र जनरेटर चालू, गाडी पावलापावलानं पुढं, ब्रेक शेकडो वेळा दाबला असेल. दिवे गेले नाहीत. पावसाळ्यातली काळी माती मात्र या तिसऱ्या जागेनं अजून पाहिलेली नाही. जूनच्या आधी स्प्रिंग बदलून घ्यायची आहे, तोपर्यंत झाकणावर ट्यूबचाच एक आटा चढवलाय.