किटोकोनॅझोल शाम्पू : काळ्या कोटाचा अनुभव

मी सांगलीत वकिली करतो. उन्हाळ्यात सूट मिळते, बाकी वर्षभर अंगावर काळा कोट. त्यामुळे डोक्यातलं सगळं चव्हाट्यावर. एकदा युक्तिवादाला उभा राहण्याआधी सीनियरांनी काही न बोलता माझा खांदा झटकला, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा भुरभुरणारा साधा कोंडा नव्हता. पिवळट, तेलकट पापुद्रे. खाजवलं की नखांत मेणासारखे अडकायचे आणि खाली कातडी लाल. भुवयांत नि कानांमागेही तेच. आईचं निदान ठरलेलं, "डोकं कोरडं पडलंय, तेल घाल." रोज रात्री कोमट खोबरेल सुरू झालं. एका पार्लरात डोक्याचा 'स्पा'ही करून आलो. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी नुसती आग.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. डोक्यातला इसबच म्हणा. मॅलेसेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, तेलावर जगते. काहींच्या कातडीला सोसत नाही. म्हणजे मी रोज रात्री तिला जेवू घालत होतो! एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे कळल्यावर माझा वेगळा काढलेला टॉवेल घरच्या दोरीवर परत आला.

औषध त्या बुरशीवरचंच : २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. रंग केशरट, वास दवाखान्यासारखा, आमच्या बोअरच्या पाण्यात फेसही जेमतेम. पहिल्या दोन वेळा लावला नि लगेच धुतला. काडीचा फरक नाही, एकच स्टार देणार होतो. मग चिठ्ठी नीट वाचली : पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा. आमच्या नळाची धार इतकी बारीक, की बादली भरायला तेवढा वेळ लागतोच. आता शाम्पू लावून बादली लावतो, भरली की डोकं धुतो. खाज दुसऱ्या आठवड्यात थांबली, पापुद्रे तिसऱ्यात.

केस मात्र केरसुणीसारखे राठ होतात, एक स्टार त्याचा कापला. आणि हा आजार जात नाही, दबतो. बरं वाटलं म्हणून बंद केला, तर थंडीत कोट पुन्हा पांढरा. सध्या डॉक्टरांना विचारून पंधरा दिवसांतून एकदा लावतो. सोबत स्टेरॉइडचं लोशन होतं, तेही मोजून दहा दिवस. ते संपल्यावर मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय दुसरी बाटली द्यायला निघाला होता. घेऊ नका, उगाच लावत राहिलं तर कातडी पातळ होते.

पाचपैकी चार.

नरक चतुर्दशीला पहाटे आई तेलाची वाटी घेऊन उभीच होती. तह झाला : अंगाला हवं तेवढं, डोक्याला फक्त शकुनाचं एक बोट. ते तिने तीनदा टेकवलं.