न वाकता वाचता येणारा मेजरिंग कप

ऑक्सो कंपनीचा तिरक्या पट्टीचा मेजरिंग कप आमच्या घरी दोन वर्षे रोज वापरात आहे. वस्तू साधी आहे: पारदर्शक प्लॅस्टिकचा कप, पकडायला मऊ मूठ आणि आतून खालून वर चढत गेलेली एक तिरकी पट्टी. मापाच्या खुणा त्या पट्टीवर असल्यामुळे ओतता ओतताच वरून पाहून माप कळते.

साध्या कपाने मोजताना आपण काय करतो, हे एकदा लक्ष देऊन पाहावे. अंदाजाने ओतायचे, कप ओट्यावर ठेवायचा, कमरेत वाकून डोळे रेषेच्या पातळीला आणायचे, कमी दिसले की उभे राहून पुन्हा ओतायचे आणि पुन्हा वाकायचे. वरून पाहिले तर रेषा आणि द्रवाची पातळी यांचा मेळ बसत नाही, म्हणून वाकणे टळत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती वाकण्याऐवजी कप उचलून डोळ्यांसमोर धरत असे, आणि हातातला कप स्थिर राहत नसल्यामुळे आतले तेल रेषेच्या वर-खाली हलत राही. तरीही कपाबद्दल तिची तक्रार विचारली असती, तर मूठ निसटते, एवढेच तिने सांगितले असते. वाकणे इतके अंगवळणी पडलेले असते की ती अडचण आहे असे वाटतच नाही. अशी गरज प्रश्नावलीत सापडत नाही. काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहून पाहणाऱ्यालाच ती दिसते, आणि या कपाच्या घडणीत मला तसे पाहणे जाणवते.

कंपनीची सुरुवातही अशाच पाहण्यातून झाली. ऑक्सोचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साल काढायचा पीलर धरणे जड जात होते. त्यातूनच स्मार्ट डिझाइन या संस्थेच्या मदतीने १९९० मध्ये जाड, मऊ मुठीची साधने बाजारात आली, आणि दुखऱ्या हाताचा विचार करून केलेली ती मूठ धडधाकट हातांनाही आवडली.

हा कप द्रवासाठीच घ्यावा. पीठ-साखरेसाठी काठोकाठ भरून वरून सपाट करता येणारे कपच बरे. तेल मात्र आई आता उभ्यानेच मोजते. नजर पट्टीवर असते आणि हात नेमक्या रेषेवर थांबतो.