बैठकीचा वॉकर, आठेक महिन्यांनंतर: सगळं ब्रेकवर अवलंबून आहे

गेल्या पंधरवड्यात उजव्या ब्रेकची केबल तुटली. त्यावरून सर्व्हिस सेंटरशी बराच वाद झाला आणि मग हा अनुभव लिहायचाच असं ठरवलं. चार चाकं, मध्ये बैठक, मुठीखाली ब्रेक असा हा वॉकर, म्हणजे रोलेटर, बहुतेकांना माहीत आहे. त्याचं वजन किती, घडी कशी होते, पिशवी केवढी हे खोक्यावर छापलेलं असतं. मला बोलायचंय ते ब्रेकबद्दल, कारण फुप्फुसाच्या आजारात हा वॉकर कामाचा आहे की नाही हे माझ्या मते ब्रेकच ठरवतो.

मला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासाच्या वाटा अडवणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. त्यातला एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याचा प्रकार. सपाट रस्त्यावरही शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं. धापेच्या ० ते ४ या एमएमआरसी मोजपट्टीवर याला ३ म्हणतात. पाय ठीक आहेत, गुडघे ठीक आहेत, तोल जात नाही. त्यामुळे डॉक्टरांनी वॉकर सुचवला तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. पायांनी अधू झालेल्यांचं साधन मला कशाला, असं मी तिथेच विचारलं होतं.

पहिल्या महिन्यातच माझं मत बदलायला लागलं आणि त्याचं कारण बैठक. दम लागल्यावर थांबायची वेळ आपल्या हातात नसते. आता बसायला हवं असं वाटलं की त्याच क्षणी बसायला लागतं. पुढच्या वळणावर बाक आहे या माहितीचा तेव्हा काही उपयोग नसतो. या भीतीपोटीच माणूस बाहेर पडणं कमी करतो. बाहेर पडणं कमी झालं की पायांचे स्नायू आटतात. आटलेले स्नायू थोड्याशा कामातही लवकर आंबतात, रक्तात आम्ल लवकर वाढतं, शरीर जास्त श्वास मागतं आणि आधी शंभर मीटरला लागणारी धाप पन्नास मीटरला लागते. फुप्फुस होतं तसंच असतं, पण माणूस खालावत जातो. मी हे वर्षभर स्वतःच्या शरीरात पाहिलं आहे. बैठक सोबत चालायला लागली तशी ही भीती गेली, आणि भीती गेल्यावर मी किती तरी जास्त चालायला लागले.

आता ब्रेक. दांडी वर ओढली की वेग कमी होतो आणि खाली दाबली की ‘टक्’ असा आवाज होऊन चाक जाम होतं. हा ‘टक्’ दोन्ही बाजूंना ऐकू आल्याशिवाय बैठकीवर टेकायचं नाही, एवढा एकच नियम मी पाळते. त्या दिवशी मी धापा टाकत उभी होते. डावीकडे ‘टक्’ झालं, उजवीकडची दांडी मात्र लुळी पडून नुसती हलत राहिली. एकच चाक जाम असलं तर बसताना वॉकर त्या चाकाभोवती गोल फिरतो. बाजूला कठडा होता, तो धरून उभी राहिले, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडत राहिले आणि पाचेक मिनिटांनी मान वर करता आली. कठडा नसता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं असं की केबल सुटी मिळत नाही, मूठ, दांडी आणि केबल असा अख्खा संचच घ्यावा लागेल, तोही मागवावा लागेल आणि कधी येईल ते सांगता येणार नाही. तोवर मी काय करायचं, यावर उत्तर नव्हतं. ‘वॉकर वापरू नका,’ एवढंच. ज्या माणसाला रोज चालायला सांगितलंय त्याला दोन-तीन आठवडे बसवून ठेवणं म्हणजे काय, हे त्या बाईंना फोनवर मी तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. झिजणारा भाग सुटा न विकणं हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. केबल ही झिजणारीच वस्तू आहे. अख्खी मूठ धडधाकट असताना ती फेकून नवीन घ्यायची, हे मला पैशाच्या हिशेबानेही पटत नाही आणि तत्त्वानेही नाही.

शेवटी मुलाने वॉकर सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. सायकलच्या ब्रेकची आतली तार बसली. तारेच्या टोकाची गुंडी तेवढी कानशीने थोडी घासावी लागली. बाहेरचं आवरण जुनंच ठेवलं. त्या माणसाने मला आणखी एक गोष्ट दाखवली, जी माहितीपत्रकात नीट दिलेलीच नाही. केबल जिथे दांडीत शिरते तिथे एक छोटा फिरवायचा स्क्रू असतो आणि त्याला लागून एक नट. नवीन तार पहिले काही आठवडे ताणली जाते, त्यामुळे ब्रेक सैल पडतो. नट ढिला करायचा, स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढायचा, ब्रेकचं पातं टायरपासून जेमतेम सुटं राहील इतपत आणायचं आणि नट पुन्हा कसायचा. पाना नसला तरी चालतं, बोटांनी होतं. आता दर आठवड्याला मी दोन्ही ब्रेक लावते आणि गुडघ्याने वॉकर पुढे ढकलून पाहते. चाक फिरलं नाही, घसटलं, तर ब्रेक ठीक. केस आणि दोरे आसात अडकलेले असतात, तेही तेव्हाच काढते. हमी अजून चालू असेल तर असं बाहेर दुरुस्त करण्याआधी अटी वाचून घ्या. माझी संपली होती.

दुसरं मत बदललं ते वाकण्याबद्दल. सुरुवातीला मी पाठ अगदी ताठ ठेवून चालायचे, कारण वॉकरवर रेलू नये असं सगळीकडे सांगितलेलं असतं. तोल जाणाऱ्यांसाठी ते बरोबरच आहे. पण फुप्फुसांच्या पुनर्वसन वर्गातल्या फिजिओंनी माझं चालणं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मावशी, थोडा भार हातांवर येऊ द्या.’ कारणही त्यांनी सांगितलं. एम्फिसीमात हवा आत अडकून राहते, छाती फुगलेली राहते आणि त्याखालचा श्वासपटल, म्हणजे श्वास आत ओढणारा मुख्य स्नायू, सपाट होतो, म्हणून तो नीट जोर लावू शकत नाही. कमरेतून किंचित पुढे झुकलं की त्याला जरा बरी स्थिती मिळते. हात मुठींवर टेकलेले असले की खांद्यांचे आणि छातीचे स्नायू हात सावरण्यातून मोकळे होऊन बरगड्या उचलायला मदत करतात. दम लागल्यावर आपण सगळे आपोआप टेबलावर हात टेकून वाकतो, ते याचसाठी. मुठींची उंची मात्र मनगटाच्या रेषेलाच ठेवायची. फार खाली नेली तर पोट दाबलं जातं आणि श्वास आणखी अडतो.

पुनर्वसन वर्गात सहा मिनिटांची चालण्याची चाचणी होते. सपाट मार्गिकेत येरझाऱ्या घालायच्या, वाटलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालूच राहतं. या चाचणीत ३०० मीटरच्या आत राहणाऱ्यांना वॉकरचा फायदा जास्त होतो असं अभ्यासांत दिसलंय, आणि मी त्यांच्यातलीच. साधारण ३० मीटरचा फरक पडला की तो खरा, जाणवण्याजोगा मानतात. वॉकरसह माझा फरक त्याहून अधिक आला, थांबेही कमी झाले. जे सहज ४००–५०० मीटर जातात त्यांनी हा वॉकर घ्यायची घाई करू नये असं मी म्हणेन. त्यांच्या वाटेत तो अडथळाच होईल.

थकव्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण धाप आणि थकवा यांची गल्लत होते. धाप बसल्यावर काही मिनिटांत उतरते. थकवा उतरत नाही. सकाळी उठल्यापासून अंगात शिसं भरल्यासारखं असतं आणि घरच्यांना वाटतं, आज तर काही केलंच नाही. श्वास घेणं हेच आमच्यासाठी काम असतं आणि त्यात रोजची ताकद खर्ची पडते. यावर वॉकरने जी मदत केली ती मला घेताना सुचलीच नव्हती: मी तो घरात वापरते. भांडी लावणं, कपड्यांच्या घड्या, भाजी चिरणं हे सगळं ब्रेक लावून बैठकीवर बसून होतं. हात अधांतरी धरून केलेलं काम धाप फार वाढवतं, कारण तेच खांद्याचे स्नायू तेव्हा श्वासाला मिळत नाहीत. म्हणून कोपर टेकवून काम करायचं. उचलताना, उठताना, चढताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. आंघोळीनंतर टॉवेलने अंग पुसण्यात मी इतकी दमायचे की तासभर पडून राहावं लागे. आता जाड सुती झगा अंगात घालून बसते, अंग आपोआप कोरडं होतं. दिवसातली दोन दमवणारी कामं सलग ठेवत नाही.

चालताना वेग ठरवण्यासाठी मी ० ते १० ची बोर्ग मोजपट्टी वापरते, म्हणजे धाप किती वाटते त्याला आपणच आकडा द्यायचा. धाप ३ ते ४ पर्यंत असेल तर चालत राहते, ५ झाली की बसते. पूर्ण दमल्यावर बसलं तर सावरायला फार वेळ लागतो. थोडं आधीच बसलं तर दोन मिनिटांत पुन्हा निघता येतं. ऑक्सिमीटर पिशवीत असतो, पण चालता चालता त्यात बघत नाही. बोट हललं किंवा गार पडलं की आकडा भलताच येतो. शिवाय आकडा ९४ असतानाही दम लागू शकतो, कारण आत अडकलेली हवा ऑक्सिजनच्या आकड्यात दिसत नाही. तुमच्यासाठी किती खाली गेलं की थांबायचं हे डॉक्टरांकडून विचारून घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं.

मध्ये एकदा छातीत संसर्ग होऊन आजार बळावला. थोडे दिवस अंथरुणात काढले आणि मांड्या इतक्या ढिल्या पडल्या की खुर्चीतून उठताना हात लावावा लागला. त्यानंतर सुरुवात पुन्हा घरातल्या घरात, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केली. वॉकर नसता तर मी ती सुरुवात पुढे ढकलत राहिले असते. कफाचा रंग बदलला, ताप आला, बसल्या जागी नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र चालण्याचा हट्ट नको, तेव्हा डॉक्टर.

बाकी तक्रारी थोडक्यात. लहान चाकं उंबरठ्याला अडतात. आठ इंची चाकं असलेला घ्या. उतारावर वॉकर पुढे पळतो, तिथे दांडी सतत अर्धी ओढून धरावी लागते आणि हाताची बोटं दुखतात. जिन्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. बैठकीवर बसलेल्या माणसाला मागून ढकलत नेऊ नका, ही चाकांची खुर्ची नाही; घरातल्यांना हे बजावून सांगावं लागतं. तीन चाकांचा प्रकार हलका असतो, पण त्याला बैठक नसते, म्हणून आमच्यासाठी तो बाद.

घेताना दुकानात दोन्ही ब्रेक लावून त्यावर खरोखर बसा, पुढे-मागे झुका आणि चाक सरकतंय का ते कुणाला तरी बघायला सांगा. आणि पैसे देण्याआधी विचारा: केबल सुटी मिळते का? ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं तर दुसरा वॉकर बघा.