तयार एमएस पाकीट: कॅलस वाढवायला उत्तम, औषधी घटकासाठी अपुरं

उतिसंवर्धनाचं (वनस्पतीचे तुकडे निर्जंतुक बाटलीत वाढवण्याचं) तयार एमएस, म्हणजे मुराशिगे-स्कूग, माध्यम पुडीच्या रूपात मोठ्या बाटलीत मिळतं आणि एका लिटरच्या बंद पाकिटातही. कोल्हापुरात पाकीटच घ्यावं. पावसाळ्यात बाटली चार वेळा उघडली की अमोनियम नायट्रेट आणि कॅल्शियम क्लोराइड ओल ओढून घेतात, पुडीचे खडे होतात. मग काट्यावर लिटरभर माध्यमासाठीचे 4.4 ग्रॅम भरले तरी त्यात पाणीही मोजलं जातं.

पाकिटावरचा मजकूर आधी वाचा. काहींत कॅल्शियम क्लोराइड वगळलेलं असतं. ते लिटरला 440 मिलिग्रॅम (डायहायड्रेट) वेगळं घालावं लागतं. 800 मिली डिस्टिल्ड पाण्यात पूड विरघळवा, पाकीट आतून धुऊन तेही पाणी त्यातच घ्या. 30 ग्रॅम सुक्रोज आणि संप्रेरकं घालून लिटर पुरा करा, पीएच 5.8 वर आणा आणि मगच 8 ग्रॅम आगर घाला. पीएच 5 च्या खाली राहिला तर आगर लिबलिबीत राहतं. ऑटोक्लेव्हमधली (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातली) हवा पूर्ण निघू द्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे काटा 15 पाउंडांवर असला तरी आत 121 अंशांना थोडं कमीच भरतं. तापमान बघूनच वेळ मोजा.

इथवर पाकीट चोख काम देतं. सह्याद्रीतल्या नरक्या या औषधी झाडाचा कॅलस, म्हणजे तुकड्यावर वाढणारा पेशींचा गोळा, यावर धरता येतो. तुकडे काळे पडत असतील तर लिटरला 100 मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल घालून लवकर लवकर ताज्या माध्यमावर हलवावेत. पण हवा असतो तो कॅम्पटोथेसिन हा नरक्यातला औषधी घटक, नुसता कॅलस नव्हे. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये हे माध्यम तंबाखूच्या पेशी झपाट्यानं वाढाव्यात म्हणून बसवलं. त्यात नायट्रोजन भरपूर आहे, आणि जोमानं वाढणारी पेशी पुष्कळदा दुय्यम घटक (वाढीला थेट न लागणारे, कॅम्पटोथेसिनसारखे) कमीच बनवते.

जपानमध्ये 1983 पासून शिकोनिन हे वनस्पतीतलं लाल रंगद्रव्य पेशीसंवर्धनातून व्यापारी प्रमाणावर निघू लागलं, तेही दोन टप्प्यांत: आधी वाढीचं माध्यम, नंतर अमोनियम नसलेलं, कारण अमोनियम शिकोनिन रोखतं. नरक्याला हाच नियम लागू पडेल असं गृहीत धरू नये. प्रमाणं बदलून तपासावीच लागतात. तयार पाकिटात नेमकं तेच जमत नाही. अर्धं पाकीट वापरलं तरी सगळंच निम्मं होतं, अमोनियम-नायट्रेटचं गुणोत्तर साधारण 1:2 च राहतं. म्हणून दुसऱ्या टप्प्यासाठी नायट्रोजन वगळलेली पूड मागवा आणि पोटॅशियम नायट्रेट, अमोनियम नायट्रेटचे साठा-द्रव स्वतंत्र बाटल्यांत ठेवा.