ब्लोअर सर्व्हिसिंगच्या नावाखाली रंगरंगोटी, बागायतदारांनो सावध!

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की द्राक्षपट्ट्यात ब्लोअरच्या (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राच्या) ‘फुल सर्व्हिसिंग’वाल्यांचे फेरे सुरू होतात. बागेत येऊन काम, संध्याकाळी मशीन तयार, पैसे रोख. एक फवारा चुकला तर डाऊनी (केवडा रोग) घुसते हे त्यांनाही ठाऊक असतं. घाई तुमची, फायदा त्यांचा.

नाशिककडच्या एका बागायतदाराला असंच गंडवलं. ६०० लिटरचा ब्लोअर, डायफ्राम (आतला रबरी पडदा) असलेला पंप, १० नोझल. बिलात डायफ्राम किट, नोझलमधल्या भोकाच्या सिरॅमिक चकत्या, ऑइल, मजुरी. प्रत्यक्षात फक्त ऑइल बदललं, मशीन धुतलं आणि पंपावर रंगाचा हात मारला.

लबाडी उघडी पडली ती पंपावरच्या ऑइल दिसण्याच्या काचेत. दोन-तीन फवाऱ्यांतच ऑइल दुधाळ झालं. दुधाळ ऑइल म्हणजे बहुतेक वेळा डायफ्राम फाटून औषधाचं पाणी आत शिरलंय. फाटका डायफ्राम तसाच ठेवून नवं ऑइल ओतलं की ते थोडा वेळ स्वच्छ दिसतं. तेवढ्यात माणूस पैसे घेऊन पसार होतो. असा पंप रेटत राहिलात तर आत बेअरिंग गंजतात आणि किटच्या खर्चात भागणारं काम नव्या पंपावर जातं. खरं किट बसवलं तरी सक्शन फिल्टर तुंबलेला असेल किंवा एअर चेंबरमधली (पंपाचे झटके शोषणाऱ्या कप्प्यातली) हवा उतरली असेल, तर नवा डायफ्रामही टिकत नाही. प्रेशर गेजचा काटा थरथरत असेल तर आधी ती हवा तपासायला सांगा.

पंप खोलला की नाही हे ओळखायला नेलपॉलिश पुरते. काम देण्याआधी पंपाच्या हेडच्या बोल्टवरून खालच्या धातूपर्यंत एक सलग बारीक रेघ ओढा. बोल्ट सुटला असेल तर रेघ तुटलेलीच दिसणार. रेघ जशीच्या तशी आणि बिलात डायफ्राम? मग पैसे देऊ नका.

चकत्यांचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे फसवणूक जास्त. टाकीत साधं पाणी भरा, फॅन बंद ठेवा, पीटीओ (ट्रॅक्टरचा पंप फिरवणारा शाफ्ट) ५४० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणि प्रेशर नेहमीचं. हातमोजे घालून एकेका नोझलला पाइपचा तुकडा लावा आणि मापाच्या भांड्यात मिनिटभर पाणी धरा. त्याच प्रेशरला नव्या चकतीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी आलं, तर चकती झिजलेली. या ब्लोअरवर १.५ लिटरच्या जागी सरासरी १.९ लिटर निघालं. म्हणजे ४० मिनिटं पुरणारी टाकी ३२ मिनिटांतच रिकामी, आणि घडांवर औषध सव्वापटीहून जास्त. निर्यातीच्या मालाला हे रेसिड्यूत (मालावर उरलेल्या औषधाच्या अंशात) नडू शकतं. शिवाय झिजलेल्या भोकातून थेंब जाड पडतात, त्यामुळे जास्त औषध जाऊनही पानामागे नीट बसत नाही. सिरॅमिकच्या नावाखाली पितळी चकती दिली असेल तर चाकूच्या टोकाने घासून बघा. पितळेवर चकचकीत ओरखडा उठतो, सिरॅमिकवर उठत नाही.

गेजही बघा. पंप बंद करून प्रेशर सोडल्यावर काटा शून्यावर आला नाही तर गेज बाद. अशा गेजवर विसंबून रेग्युलेटर पिळणारे मिस्त्री कमी नाहीत!

जुने सुटे भाग हातात घेतल्याशिवाय आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मशीन देण्याआधी टाकी आणि पाइप तीनदा धुवा. मिस्त्री लबाड असला तरी विषबाधा त्याला व्हायला नको.

शेवटची लबाडी सगळ्यात जिवावरची. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून पीटीओ शाफ्टचं प्लास्टिक कव्हर काढतात आणि परत बसवतच नाहीत. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे. उपरण्याचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. कव्हर आणि त्याची साखळी जागेवर असल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करू देऊ नका, आणि शाफ्टजवळ जायचं ते इंजिन बंद करून, चावी खिशात टाकूनच.